मदत हवी आहे: कागदी रॉकेट हवेत कोलांट्या मारतंय

नमस्कार मंडळी. मी आठवीला विज्ञान शिकवते. पुढच्या आठवड्यात मुलांकडून हवेच्या दाबावर उडणारं रॉकेट करून घ्यायचंय. पाण्याचं करणार होते, पण व्हरांडा भिजवल्यावर शिपाईमामा मला शाळेत ठेवणार नाहीत.

रचना साधी आहे. २ लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, तिच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा, पुढे अर्धा इंची पीव्हीसी पाइप. पाइपावर ए४ कागदाची सैलसर गुंडाळी चढवायची आणि बाटलीवर दाणकन पाय द्यायचा. काल घरी गच्चीवर उडवलं. सुटतं झकास, पण दोन पुरुष उंच गेलं की आडवं होतं आणि कोलांट्या मारत खाली येतं. मग तोल सापडतो तिथे दोरा बांधून डोक्याभोवती गरगर फिरवलं, तर शेपूटच पुढे! म्हणजे गुरुत्वमध्य दाबमध्याच्या (हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूच्या) मागे पडतोय, एवढं कळलं.

आता नाकात शाडूची गोळी घालू की पंख मोठे करू? सध्या तीन पंख आहेत, लग्नपत्रिकेच्या कागदाचे. गोळी घातली तर उंची कितपत घटेल? शिवाय नाक कुणाला लागायला नको, म्हणून टोक बोथटच ठेवणार आहे.

दुसरं म्हणजे बाटली. दहा-बारा वेळा चेपली की घडीवर चिरते, आणि वर्गात चाळीस मुलं आहेत. तिच्याऐवजी काय वापरता? फुटबॉलचा जुना ब्लॅडर कुणी लावून पाहिलाय का?