‘परवडणारी घरे’: पण कोणाला?

चाकणवाला: उद्योजकांच्या एका संघटनेचं प्रादेशिक आराखड्यावरचं निवेदन मराठीत करून द्यायचंय. घरं, वाहतूक, रोजगार अशी तीन प्रकरणं आहेत. पहिल्याच पानावर ‘अफोर्डेबल हाउसिंग’पाशी अडलो. सरकारी कागदांत सगळीकडे ‘परवडणारी घरे’ आहे, पण कानाला ते अर्धवट वाटतं. चूक माझ्या कानाची की शब्दाची?

पेठकर: कान शाबूत आहे. ‘परवडणे’ला ‘ला’ लागतो: मला परवडतं, त्यांना परवडत नाही. ‘चालणारी गाडी’ म्हटलं की गाडी स्वतः चालते. घर काही स्वतःहून परवडत नाही. ‘आवडणारी भाजी’ म्हटल्यावर आपण लगेच ‘कोणाला?’ विचारतो, तसंच हे. सरकारी शब्दानं नेमका तो ‘कोणाला’ गाळलाय.

शिवाय या क्रियापदाला आणखी एक रंग आहे. ‘दारात लोंबकळत जाणं परवडलं, पण पुढच्या गाडीची वाट बघणं नको.’ इथे पैशाचा संबंधच नाही. दोन वाईटांतलं त्यातल्या त्यात बरं, एवढाच अर्थ. लांबच्या घरांना हा अर्थ जास्त शोभतो असं माझं प्रामाणिक मत.

गाळेवाला_भोसरी: व्याकरण बाजूला ठेवून धंद्याची बाजू सांगतो. आमच्यात परवडणं म्हणजे खर्च जाऊन चार पैसे हातात उरणं. शेतकरी ‘कांदा परवडत नाही’ म्हणतो तेव्हा तो कांदा विकणारा असतो, घेणारा नव्हे! म्हणजे हा शब्द विकणाऱ्याच्या तोंडीही तितकाच चालतो.

आता हे घरांना लावा. राज्याच्या नियमावलीत मोठ्या शहरांत ४,००० चौ. मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या गृहप्रकल्पात २० टक्के हिस्सा छोट्या घरांसाठी ठेवावा लागतो. बिल्डर म्हणतो, ‘परवडत नाही.’ समोर रांगेतला माणूस म्हणतो, ‘परवडत नाही.’ शब्द तोच आणि दोघंही खरं बोलतायत, पण एकाचं परवडायला लागलं की दुसऱ्याचं बंद होतं.

तिसरा आमच्यासारखा. आम्ही घर विकतही नाही, घेतही नाही. पण माझा फिटर स्वस्त खोली बघून तळेगावच्या पुढे राहायला गेला की पहिल्या पाळीला अर्धा तास उशिरा येतो, आणि वर्षभरात घराजवळ काम धरतो. नवा माणूस शिकवायचा खर्च माझ्या खिशातून. म्हणून निवेदनात घरं आणि वाहतूक अशी वेगळी प्रकरणं करू नका. घरभाडं अधिक येण्याजाण्याचा खर्च, ही बेरीज परवडली पाहिजे.

आकडेमोड: ‘कोणाला’ गाळला असला तरी ‘किती’ची व्याख्या आहे. एप्रिल २०१९ पासून जीएसटीत ‘परवडणारं’ घर म्हणजे किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटई क्षेत्र महानगरात ६० चौ. मी.पर्यंत, इतरत्र ९०. बांधकाम चालू असताना घेतलं तर त्यावर कर १ टक्का, बाकी घरांवर ५. गंमत अशी की महानगरांच्या त्या यादीत मुंबई प्रदेश आहे, पुणे नाही. म्हणजे पुण्यात ९० मीटरचं घर ४५ लाखांत घ्यायची कायद्यानं मुभा आहे. कुठे मिळालं तर मलाही कळवा. ४५ लाखांची ही मर्यादा वाढवा अशी बांधकाम व्यावसायिकांची मागणी जुनीच आहे. ती मान्य झाली तर त्याच किमतीचं तेच घर एका रात्रीत ‘परवडणारं’ होईल.

आणि ‘चटई क्षेत्र’ जपून वापरा. कार्पेट एरिया म्हणजे बाहेरच्या भिंतींच्या आतली जागा, तिथे शब्द बरोबर बसतो. पण एफएसआयलाही, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येतं त्या प्रमाणालाही, आपण ‘चटई क्षेत्र निर्देशांक’ म्हणतो आणि त्यात भिंतीही मोजतात. भिंतीवर चटई कोण अंथरतं?

निगडीकर: थोडं अवांतर. १९७२ साली पिंपरी-चिंचवडच्या कामगारांना घरं मिळावीत म्हणून नवनगर विकास प्राधिकरण काढलं. लोकांनी त्याचं गावाचं नाव करून टाकलं. आजही पत्ता विचारला की ‘प्राधिकरणात राहतो’ असं सांगतात. २०२१ मध्ये ती संस्था विलीन झाली, तरी रिक्षावाल्याला प्राधिकरणच सांगावं लागतं. नाशिकचं सिडको तसंच. नवी मुंबईत जमीन गेलेल्यांना तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळतो; तिथे तर ‘साडेबारा टक्के’ ही भूखंडाची जातच झाली. आराखडे करणाऱ्यांचे शब्द लोक असे पचवतात. ‘परवडणारी घरे’ मात्र अजून कोणाच्या पत्त्यात आलेलं ऐकलं नाही.

पेठकर: ‘आवाक्यातली घरे’ कसं वाटतं? ‘आवाका’लाही ‘कोणाच्या’ लागतोच म्हणा.

चाकणवाला: सगळ्यांचे आभार. ‘ग्रोथ’साठी ‘विकास’ न लिहिता ‘वाढ’ ठेवली. वाढ मोजता येते, विकासावर वाद होतो. मुख्य वाक्य असं केलं: ‘कामगाराला त्याच्या पगारात, प्रवासखर्च धरून परवडतील अशी घरे.’ लांबलंय, पण ‘ला’ परत आला.

चाकणवाला (दोन दिवसांनी): निवेदन तपासून आलं. ‘कामगाराला’ खोडून ‘सर्वांना’ केलंय.

गाळेवाला_भोसरी: ‘प्रवासखर्च धरून’ तरी ठेवलंय का?

चाकणवाला: ते दुसऱ्या प्रकरणात हलवलंय.