मदत हवी आहे : बाराव्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ७ मधले जुने मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर कसे चालवावे?

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्यात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझे लहानसे छपाईचे दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेची व दशावतारी प्रयोगांची पत्रके आणि हंगामात आंब्याच्या पेट्यांवरची लेबले हे माझे मुख्य काम. ते सारे मी २०११ पासून एकाच संगणकावर करीत आलो. त्यात ३२ बिटचे विंडोज ७ होते आणि त्यावर मराठी अक्षरजुळणीचे एक सॉफ्टवेअर, जे यूएसबीला डोंगल (परवान्याची खूण असलेले छोटे उपकरण) लावल्याशिवाय उघडतच नाही. गेल्या पावसाळ्यात तो संगणक बंद पडला. कॅबिनेट उघडले तेव्हा मदरबोर्डच्या कडेला, रॅमच्या खाचांपाशी, हिरवट थर चढलेला दिसला. बोट फिरवले तर त्याची भुकटी हाताला लागत होती. खाऱ्या वाऱ्यात त्याने इतकी वर्षे दम धरला हेच पुष्कळ. हार्ड डिस्क आणि डोंगल मात्र शाबूत आहेत.

नवा संगणक इंटेल कोअर आय५-१२४०० या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरचा आहे : १६ जीबी रॅम, एनव्हीएमई एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क), वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, आणि विंडोज ११. सॉफ्टवेअर त्यावर बसले, परंतु डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलपुढे पिवळा त्रिकोण येतो आणि डोंगल सापडत नसल्याचा संदेश देऊन सॉफ्टवेअर बंद होते. डोंगलचा ड्रायव्हर (विंडोजला तो ओळखू देणारे जोड-सॉफ्टवेअर) ३२ बिटचा आहे, विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते, आणि ज्यांनी सॉफ्टवेअर तयार केले त्यांचा व्यवसाय बंद झाल्याने नवा ड्रायव्हर मिळण्याची आशा नाही.

म्हणून विंडोज ७ च टाकून पाहिले. ३२ बिटचा पेन ड्राइव्ह बूटच्या यादीत दिसतच नाही. ६४ बिटचा दिसतो, पण ‘स्टार्टिंग विंडोज’ या पडद्यावर अडकून राहतो. अर्धा तास थांबूनही पुढे सरकला नाही. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) सीएसएम हा जुन्या पद्धतीने सुरू करण्याचा पर्याय आहे, पण तो करडा असून निवडता येत नाही.

या संगणकावर विंडोज ७ चालवण्याचा काही मार्ग आहे का, की जुन्या प्रोसेसरचा वापरलेला संगणक शोधावा? चौदा वर्षांच्या फायली त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या स्वरूपात आहेत आणि त्यातला मजकूर युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाणित अक्षरपद्धतीत) नाही. लेबलांचे काम तोंडावर आले आहे, त्यामुळे मार्गदर्शन लवकर मिळाल्यास फार उपकार होतील.

प्रतिसाद

दादा, कृपया जुना संगणक घेऊ नका. त्याचीही गत दोन पावसाळ्यांत तीच होईल.

तुमची अडचण नुसत्या प्रोसेसरची नाही, त्याच्या भोवतालच्या सगळ्या रचनेची आहे. ३२ बिटचे विंडोज ७ यूईएफआयवरून (बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीवरून) सुरू होत नाही, त्याला जुन्या पद्धतीचा बायोस लागतो. ६४ बिटचे सुरू होते, पण पडदा रंगवण्यासाठी त्याला जुन्या बायोसची चित्रसेवा हवी असते आणि ती सीएसएममधूनच मिळते; म्हणून ते तिथे थबकते. ते ओलांडले तरी यूएसबी ३ आणि एनव्हीएमई यांचे ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये मुळातच नाहीत, त्यामुळे कीबोर्ड, माउस आणि डिस्क तिन्ही अडतील. नव्या प्रोसेसरना फक्त त्या वेळच्या ताज्या विंडोजचाच आधार मिळेल, असे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१६ मध्येच जाहीर केले होते.

विंडोज ११ राहू द्या आणि त्यात व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत आभासी संगणक चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ३२ बिटचे विंडोज ७ बसवा. तिथे त्याला जुना बायोस आणि ओळखीची डिस्क असलेला आभासी मदरबोर्ड मिळतो. आधी बायोसमध्ये व्हीटी-एक्स (आभासी संगणकासाठी असलेली प्रोसेसरची सोय) सुरू करा. यूएसबी कंट्रोलर २.० चा निवडा, ३.० चा नको, आणि डोंगलसाठी यूएसबी फिल्टर जोडा. मग तो थेट आतल्या विंडोजकडे जातो आणि बाहेरचा पिवळा त्रिकोण आड येत नाही. १२४०० चे सहाही कोअर एकाच प्रकारचे आहेत, त्यामुळे बाराव्या पिढीतील मोठ्या-लहान कोअरची गुंतागुंतही तुम्हाला नाही. आतल्या विंडोजचे नेटवर्क मात्र बंदच ठेवा, कारण विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला. फायलींची ने-आण सामायिक फोल्डरमधून करा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपण सांगितल्याप्रमाणे केले. पहिल्यांदा डोंगल दिसला नाही, कारण मी तो फिल्टर जोडण्याआधीपासून लावून ठेवला होता. काढून पुन्हा लावताच त्याचा तांबडा दिवा लागला आणि सॉफ्टवेअर उघडले. २०१४ ची एक लग्नपत्रिका उघडून पाहिली, तिच्यातली जोडाक्षरे जागच्या जागी आहेत. पीडीएफ सामायिक फोल्डरात ठेवून छपाई विंडोज ११ मधून करतो आहे. आपले मनापासून आभार. हा डोंगल कधी बिघडला तर दुसरा मिळणार नाही, म्हणून लेबलांचा मजकूर आजपासून युनिकोडमध्ये पुन्हा टंकायला घेतला आहे.