एकाच क्लाउड सर्व्हरवर जँगो, पोस्टग्रेस, रेडिस: सेटअपचा क्रम आणि मेमरीची वाटणी

कोरीपाटी:

नवीन क्लाउड सर्व्हर: २ व्हर्च्युअल सीपीयू, ४ जीबी रॅम, ८० जीबी डिस्क, उबुंटू २४.०४. त्यावर जँगोची (पायथॉनमधली वेब चौकट) वेबसाइट, पोस्टग्रेस (डेटाबेस), रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा साठा) आणि सेलरीचे (मागे चालणारी कामं करणारा प्रोग्राम) दोन वर्कर चालवायचे आहेत. हे सगळं डॉकर कंपोजमध्ये (प्रत्येक प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये) असेल, एनजिनएक्स (पुढचा वेब सर्व्हर) मात्र थेट सर्व्हरवर. पासवर्ड रीसेटचे ईमेलही इथूनच जायला हवेत. रोजचे वापरकर्ते काही शे.

१. कामाचा क्रम काय ठेवावा?
२. फायरवॉल क्लाउडच्या पॅनेलमधला वापरावा की सर्व्हरवरचा यूएफडब्ल्यू (उबुंटूचा फायरवॉल)?
३. ४ जीबीत हे सगळं बसेल का? कोणाला किती द्यायचं?
४. एसएसएचडीच्या (दुरून लॉगिन देणारा प्रोग्राम) मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये 'पासवर्ड ऑथेंटिकेशन' नो केलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, तरी सर्व्हर पासवर्ड विचारतोच. हे कशामुळे?

गवंडी:

चौथ्यापासून सुरू करतो, कारण ते सुटेपर्यंत बाकीचं काही करू नका.

उबुंटूच्या मुख्य कॉन्फिग फाइलच्या अगदी वरच्या भागात एक 'इन्क्लूड' ओळ असते. ती 'एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी' या फोल्डरातल्या फाइली आधी वाचायला लावते. आणि एसएसएचडीचा नियम असा की एखादी सेटिंग जिथे पहिल्यांदा सापडेल तीच धरायची, नंतरच्या सगळ्या सोडून द्यायच्या. बऱ्याच क्लाउड इमेजमध्ये त्या फोल्डरात क्लाउड-इनिटने (नवा सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग करणारा प्रोग्राम) ठेवलेली, ५० आकड्याने सुरू होणारी फाइल असते आणि तिच्यात पासवर्ड ऑथेंटिकेशन 'येस' असतं. तुमचा 'नो' नंतर येतो, म्हणून तो वाचलाच जात नाही.

ती ५० वाली फाइल बदलू नका, क्लाउड-इनिट ती पुन्हा लिहू शकतो. त्याच फोल्डरात १० आकड्याने सुरू होणारी स्वतःची फाइल करा. फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात, त्यामुळे तुमची आधी लागेल. तिच्यात पासवर्ड ऑथेंटिकेशन नो, केबीडी-इंटरॅक्टिव्ह ऑथेंटिकेशन नो आणि परमिट रूट लॉगिन नो. मधलं विसरू नका, नाहीतर पॅमच्या (लिनक्सची ओळख तपासणारी यंत्रणा) मार्गाने पासवर्ड पुन्हा विचारला जाऊ शकतो. रूट बंद करण्याआधी सुडोचे (रूटच्या वतीने कमांड चालवण्याचे) हक्क असलेला वेगळा युजर आणि त्याची ईडी२५५१९ प्रकारची की तयार हवी, हे ओघानं आलंच.

मग एसएसएचडी कमांड छोट्या टी पर्यायाने चालवा, ती लिहिण्यातल्या चुका दाखवते. त्यानंतर मोठ्या टी पर्यायाने चालवा. ती प्रत्यक्ष लागू होणाऱ्या सगळ्या सेटिंग्ज छापते. फाइलमध्ये काय लिहिलंय यावर विसंबू नका, मोठा टी काय सांगतो ते बघा. सर्व्हिस रीस्टार्ट करताना चालू खिडकी बंद करायची नाही. दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करून बघायचं, ते जमलं की मगच पहिली सोडायची. पॅनेलमधला वेब कन्सोल उघडतो का हेही आधीच तपासून ठेवा, कुलूप आतून लागलं तर तोच एक दरवाजा उरतो.

एसएसएचचा पोर्ट २२ बदलायचा विचार असेल तर एक खाच आहे. २४.०४ मध्ये एसएसएच सॉकेटमार्फत सुरू होतं, म्हणजे पोर्ट एसएसएचडी नाही, सिस्टमडी (उबुंटूत सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) धरून बसलेलं असतं. कॉन्फिगमध्ये पोर्ट बदलल्यावर सिस्टमसीटीएलला डेमन-रीलोड द्यावं लागतं आणि एसएसएच डॉट सॉकेट रीस्टार्ट करावं लागतं. नुसती सर्व्हिस रीस्टार्ट केली तर जुनाच पोर्ट चालू राहतो. माझं मत विचाराल तर पोर्ट बदलून फक्त लॉगमधला गोंगाट कमी होतो, खरं संरक्षण की देते.

क्रम: अपडेट, युजर आणि की, एसएसएच, फायरवॉल, स्वॅप (रॅम कमी पडल्यास वापरायची डिस्कवरची जागा), डॉकर, एनजिनएक्स, सर्टिफिकेट, बॅकअप. बॅकअप शेवटी लिहिलाय, पण खरा डेटा येण्याआधी तो झालेला हवा.

ओलीमाती:

फायरवॉलबद्दल: दोन्ही ठेवा. डॉकर असताना तर क्लाउडचा हवाच.

यूएफडब्ल्यूचे नियम सर्व्हरमध्ये उतरणाऱ्या पॅकेटवर चालतात, आयपीटेबल्सच्या (लिनक्सचे पॅकेट गाळणारे नियम) 'इनपुट' साखळीत. डॉकरने पब्लिश केलेल्या (कंटेनरबाहेर उघडलेल्या) पोर्टवर आलेल्या पॅकेटचा पत्ता मात्र त्याआधीच बदलला जातो आणि ते 'फॉरवर्ड' साखळीतून कंटेनरकडे जातं. म्हणजे कंपोज फाइलमध्ये ५४३२:५४३२ लिहिलं की पोस्टग्रेस सगळ्या जगाला उघडा, आणि यूएफडब्ल्यूचं स्टेटस मात्र फक्त २२, ८० आणि ४४३ दाखवत राहतं. रेडिसचं तर जास्तच जपायला हवं. त्याच्या अधिकृत डॉकर इमेजमध्ये प्रोटेक्टेड मोड बंद असतो, त्यामुळे ६३७९ उघडा राहिला तर पासवर्डाशिवाय कोणीही आत शिरतो.

उपाय अगदी सरळ आहे. पोस्टग्रेस आणि रेडिसचे पोर्ट पब्लिशच करू नका. एकाच कंपोज नेटवर्कमधले कंटेनर एकमेकांना सर्व्हिसच्या नावाने शोधतात, त्यासाठी पोर्ट बाहेर काढायची गरज नसते. बाहेर यायला हवा फक्त गुनिकॉर्न (जँगो चालवणारा सर्व्हर), तोही १२७.०.०.१:८०००:८००० असा, म्हणजे सर्व्हरवरच्या एनजिनएक्सलाच तो दिसेल.

तपासणी बाहेरून करायची. दुसऱ्या मशीनवरून एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारा प्रोग्राम) चालवा, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही पत्त्यांवर. सर्व्हरवर बसून लोकलहोस्ट तपासण्यातून फायरवॉलबद्दल काहीच कळत नाही.

आणखी एक. 'सुरक्षेसाठी' आयसीएमपी (नेटवर्कमधले चुकांचे निरोप) सरसकट बंद करू नका. पॅकेट मार्गात मावत नाही हा निरोप त्याच्यातूनच परत येतो. तो अडवला की छोटी पानं उघडतात आणि मोठी अर्धवट लटकतात, आणि दोष दिवसभर वेबसाइटच्या कोडमध्ये शोधला जातो.

ताळेबंद:

४ जीबीत बसेल, पण डीफॉल्टवर सोडलं तर नाही.

सर्व्हर आणि डॉकर मिळून साधारण ५०० एमबी धरा.

पोस्टग्रेस: शेअर्ड बफर्स डीफॉल्ट १२८ एमबी असतात. एकूण रॅमच्या पाव हिश्शापासून सुरुवात करावी, इथे १ जीबी. मॅक्स कनेक्शन्स डीफॉल्ट १००, तुम्हाला ४० भरपूर. वर्क मेम ४ एमबीच राहू द्या. ही मर्यादा कनेक्शनमागे नसते, क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट किंवा हॅशच्या पायरीमागे असते. ती ६४ एमबी केली आणि एका क्वेरीत चार सॉर्ट आले तर ती एकटीच २५६ एमबी खाऊ शकते. कनेक्शनांसाठी मिळून २०० एमबी बाजूला ठेवा.

पोस्टग्रेस कंटेनरमध्ये असल्यामुळे आणखी एक सेटिंग लागते. डॉकर प्रत्येक कंटेनरला शेअर्ड मेमरीची जागा फक्त ६४ एमबी देतो. मोठी क्वेरी समांतर चालायला लागली की 'डिव्हाइसवर जागा नाही' अशी चूक येते, आणि डिस्क बघावी तर निम्म्याहून रिकामी. कंपोजमध्ये एसएचएम साइझ २५६ एमबी करा.

गुनिकॉर्न: त्यांच्या मार्गदर्शनात कोअरची दुप्पट अधिक एक असं सूत्र आहे, म्हणजे इथे ५ वर्कर. पण या सर्व्हरवर आणखीही बिऱ्हाडं आहेत. ३ वर्कर आणि प्रत्येकी २ थ्रेड ठेवा. जँगोचा एक वर्कर १५० एमबीच्या आसपास धरला तर ४५० एमबी.

सेलरीत हिशोब चुकतो. तुम्ही 'दोन वर्कर' म्हणता, पण प्रत्येक वर्कर जितके सीपीयू तितक्या चाइल्ड प्रोसेस काढतो. २ सीपीयूवर दोन वर्कर म्हणजे ४ चाइल्ड आणि २ पॅरेंट. कन्करन्सी १ केलीत तर एकूण ४ प्रोसेस, ६०० एमबी. मॅक्स टास्क्स पर चाइल्ड ही मर्यादाही घाला, म्हणजे मेमरी गळत असली तरी प्रोसेस ठरावीक कामांनंतर बदलली जाते.

रेडिस: ६४ बिटवर मॅक्स मेमरी डीफॉल्टने अमर्याद असते. २५६ एमबी घाला. मात्र इथे नीट विचार हवा. मर्यादा गाठल्यावर काय करायचं हे एव्हिक्शन पॉलिसी ठरवते. कॅशला 'ऑल कीज एलआरयू' (बराच काळ न वापरलेलं आधी काढा) योग्य, जुनं काढून टाकलं तरी बिघडत नाही. पण तेच रेडिस सेलरीची रांगही सांभाळत असेल तर त्या पॉलिसीत रांगेतली कामं गुपचूप नाहीशी होऊ शकतात, आणि कोणत्याही लॉगमध्ये चूक दिसत नाही. रांगेसाठी 'नो एव्हिक्शन'च हवं. कॅश डेटाबेस क्रमांक १ वर आणि रांग ० वर ठेवून हे सुटत नाही, कारण मर्यादा आणि पॉलिसी दोन्ही अख्ख्या रेडिसला लागू होतात. दोन वेगळे कंटेनर करा: कॅशला २५६, रांगेला १२८ एमबी.

बेरीज ३.१ ते ३.२ जीबी. उरलेली रॅम वाया जात नाही, लिनक्स ती डिस्कच्या कॅशसाठी वापरतो आणि पोस्टग्रेसला तिचा फायदा होतो.

स्वॅप २ जीबी, परवानगी ६००, स्वॅपिनेस १०, आणि एफएसटॅबमध्ये (रीबूटनंतर स्वॅप परत लावणारी फाइल) नोंद. स्वॅप हा फक्त धक्का झेलायला आहे, रोज वापरात दिसला तर रॅम कमी पडतेय. कंटेनर १३७ कोडने मेला तर तो १२८ अधिक ९, म्हणजे सक्तीने मारलेला. कर्नलच्या लॉगमध्ये 'आउट ऑफ मेमरी' शोधा.

कोरीपाटी:

१० आकड्याची फाइल केल्यावर पासवर्डचा प्रश्न मिटला. मोठ्या टीने दाखवलं तेव्हाच खरी सेटिंग कळली. बाकीची वाटणी वर सांगितल्याप्रमाणे केली.

आता दोन अडचणी. लेट्स एन्क्रिप्टचं (एचटीटीपीएससाठी फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) सर्टिफिकेट मिळत नाही. ए रेकॉर्ड (डोमेनचा आयपीव्ही४ पत्ता) बरोबर आहे, ब्राउझरमध्ये पोर्ट ८० वर साइट उघडते, पण सर्टबॉट (सर्टिफिकेट मागणारा प्रोग्राम) टाइमआउट दाखवतो. चार-पाच वेळा प्रयत्न केल्यावर आता 'खूप अपयशी प्रयत्न' असं म्हणतो. दुसरं, पोर्ट २५ वरून ईमेल जात नाही, तिथेही टाइमआउट.

ओलीमाती:

डोमेनला एएएए रेकॉर्ड (आयपीव्ही६ पत्ता) आहे का ते बघा. तो असेल तर लेट्स एन्क्रिप्ट आधी आयपीव्ही६नेच येतो. क्लाउड फायरवॉलमध्ये ८० फक्त आयपीव्ही४साठी उघडला असेल तर तिथे टाइमआउट येऊ शकतो; तो आयपीव्ही४ने पुन्हा प्रयत्न करतो, पण दरवेळी नाही. तुमच्याकडे आयपीव्ही६ नसेल तर ब्राउझर निमूट आयपीव्ही४ वापरतो, म्हणून तुम्हाला साइट दिसते. आयपीव्ही६ नीट उघडा आणि एनजिनएक्सच्या सर्व्हर ब्लॉकमध्ये चौकटी कंसातल्या दोन कोलनसह ८० ची लिसन ओळ घाला, किंवा सरळ एएएए काढून टाका.

एका नावासाठी तासाला ५ अपयशी प्रयत्न ही मर्यादा आहे. थांबा, आणि पुढचा प्रयत्न ड्राय-रनने करा, तो चाचणीच्या सर्व्हरवर जातो. पोर्ट ८० नंतरही बंद करू नका, नूतनीकरण त्याच वाटेने होतं. सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, आणि मुदत संपत आल्याचे ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केले आहेत, त्यामुळे मुदतीवर नजर ठेवायची सोय स्वतः करा.

एचटीटीपीएस आल्यावर साइट स्वतःकडेच फिरत राहिली तर एनजिनएक्सकडून एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडर (मूळ विनंती एचटीटीपीएसने आली हे सांगणारं) जात नाही, किंवा जँगोत 'सिक्युअर प्रॉक्सी एसएसएल हेडर' भरलेलं नाही. आणि एनजिनएक्स १ एमबीपेक्षा मोठी फाइल ४१३ देऊन परत पाठवतो. क्लायंट मॅक्स बॉडी साइझ आत्ताच वाढवा.

गवंडी:

ईमेल: बाहेर जाणारा पोर्ट २५ बहुतेक मोठे क्लाउड स्पॅमच्या भीतीने बंदच ठेवतात. तुमच्या सेटिंगचा दोष नाही. ईमेल पाठवणारी सेवा घ्या आणि ५८७ वापरा. जँगोत ५८७ ला 'यूज टीएलएस' आणि ४६५ ला 'यूज एसएसएल', दोन्ही एकदम खरे केले तर चूक येते. डोमेनला एसपीएफ (कोण ईमेल पाठवू शकतं त्याची यादी) आणि डीकेआयएम (ईमेलवरची डिजिटल सही) लागतील. एसपीएफचा रेकॉर्ड एकच ठेवा. आधीचा असेल तर त्यातच नवी सेवा जोडा, दोन रेकॉर्ड झाले की दोन्ही निकामी.

ताळेबंद:

डेटा यायच्या आत एवढं करून घ्या.

डॉकरचे लॉग डीफॉल्टने कधीच कापले जात नाहीत. डेमनच्या जेसन फाइलमध्ये मॅक्स साइझ १० एमबी आणि मॅक्स फाइल ३ लिहा. हे फक्त नव्याने बनवलेल्या कंटेनरना लागू होतं, जुने पुन्हा तयार करावे लागतात. डिस्क भरली की पोस्टग्रेस थांबतो, आणि घाईत पीजी-वॉल फोल्डरातल्या (पोस्टग्रेसची बदलांची नोंदवही) फाइली उडवल्या जातात. त्यांना हात लावू नका, ते जुने लॉग नाहीत. त्या गेल्या तर डेटाबेस पुन्हा उभा राहत नाही. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) डिस्क भरलेली दाखवतो आणि डीयूच्या (फाइलींचा आकार मोजणारी कमांड) बेरजेत ती जागा सापडत नाही, तेव्हा फाइल डिलीट झालेली असते पण कुठल्यातरी प्रोसेसने धरून ठेवलेली असते. ती प्रोसेस रीस्टार्ट केली की जागा सुटते.

बॅकअप रोज पीजी-डंपने (पोस्टग्रेसची स्वतःची बॅकअप कमांड), कस्टम फॉरमॅटमध्ये, आणि सर्व्हरच्या बाहेर वेगळ्या अकाउंटमध्ये. चालू डेटाबेसचं फोल्डर टारने कॉपी करणं म्हणजे बॅकअप नव्हे, कॉपी होताहोता आतल्या फाइली बदलत असतात. आठवड्यातून एकदा तो डंप रिकाम्या डेटाबेसमध्ये भरून टेबलांतल्या ओळी मोजा.

पोस्टग्रेसच्या इमेजला 'लेटेस्ट' टॅग लावू नका, नेमकी मुख्य आवृत्ती लिहा, उदाहरणार्थ १६. मुख्य आवृत्ती बदलली की जुनं डेटा फोल्डर नव्या पोस्टग्रेसला वाचता येत नाही आणि कंटेनर सुरूच होत नाही. कंपोज डाउनला व्ही पर्याय लावला की व्हॉल्यूमही पुसले जातात, ती कमांड कुठल्याही स्क्रिप्टमध्ये नको.

उबुंटूचे सुरक्षा अपडेट आपोआप बसतात, पण सर्व्हर आपोआप रीबूट होत नाही, त्यामुळे नवा कर्नल बसूनही जुनाच चालू राहतो. म्हणून वेबसाइट लोकांना उघडण्याआधीच एकदा रीबूट करा. स्वॅप परत आला का, सगळे कंटेनर 'अनलेस स्टॉप्ड' या रीस्टार्ट सेटिंगमुळे उठले का, एनजिनएक्स चालू आहे का ते बघा, आणि बाहेरून एनमॅप पुन्हा एकदा चालवा.