‘अवमूल्यन’ की ‘घसरण’? श्रीलंकेच्या रुपयाबद्दल लिहिताना

प्रश्न

श्रीलंकेच्या २०२२ मधल्या संकटावर लेख लिहिते आहे. मराठी बातम्यांत ‘रुपयाचे अवमूल्यन’, ‘रुपयाची घसरण’, ‘रुपया गडगडला’ हे सगळं एकाच घटनेसाठी दिसतं. एका ठिकाणी ‘चलनाचा घसारा’ही सापडला. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का? शिवाय त्या जुलैत तिथे जे घडलं त्याला सत्तांतर म्हणावं, सत्तापालट की उठाव?

प्रतिसाद

घसारा आधी बाजूला काढा. यंत्र, वाहन, इमारत झिजते, त्याचा हिशेब म्हणजे घसारा. चलनाला तो लावू नये.

उरलेल्या दोन शब्दांतला फरक क्रियापदात आहे. अवमूल्यन कुणीतरी करतं, घसरण होते. विनिमय दर सरकारने किंवा मध्यवर्ती बँकेने बांधलेला असतो आणि एके दिवशी तसं जाहीर करून तो उतरवला जातो, तेव्हा ते अवमूल्यन. आपल्याकडे ६ जून १९६६ ला डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर नेला, ते अवमूल्यन. जुलै १९९१ मध्ये दोन टप्प्यांत केलं तेही. रोजच्या व्यवहारात रुपया दहावीस पैशांनी उतरतो ती घसरण, आणि चढला की तो वधारतो.

श्रीलंकेत दोन्ही पाठोपाठ घडलं, म्हणून गोंधळ. सप्टेंबर २०२१ पासून तिथल्या मध्यवर्ती बँकेने डॉलर २०० ते २०३ रुपयांत अडकवून ठेवला होता. ७ मार्च २०२२ ला तिने तो २३० पर्यंत जाऊ देण्याचं जाहीर केलं. इथपर्यंत अवमूल्यन. मग लगेचच दर बाजारावर सोडून दिला आणि मे महिन्यात डॉलर ३६० च्या आसपास पोहोचला. ही घसरण. लेखात दोन्ही शब्द लागतील, आपापल्या जागी.

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. पण ‘अवमूल्यन झाले’ ही रचना मला फार खटकते. व्याकरणात ती चुकीची नाही, पण करणारा दिसेनासा होतो. ‘मध्यवर्ती बँकेने अवमूल्यन केले’ असंच लिहावं.

आणि एक काळ कृपया गाळू नका: दर धरून ठेवला होता ते महिने. तेव्हा ना अवमूल्यन होतं ना घसरण, आणि खरं नुकसान त्या काळात वाढत गेलं. बँकेत डॉलरला २०३ रुपये आणि बाहेर त्याहून बरेच जास्त मिळत असतील, तर आखातात राबणारा माणूस घरी बँकेतून पैसे का पाठवेल? लोक ‘उंडियाल’कडे वळले, म्हणजे आपल्याकडच्या हवालासारखी तिथली पद्धत. २०२० मध्ये अधिकृत मार्गाने सुमारे ७.१ अब्ज डॉलर आले होते, २०२१ मध्ये ते ५.५ अब्जांवर उतरले. २०१९ च्या शेवटी साडेसात अब्जांच्या वर असलेली परकीय चलनाची गंगाजळी मार्च २०२२ पर्यंत दोन अब्जांच्या खाली आली. मे महिन्यात तर हाताशी वापरता येण्याजोगे पाच कोटी डॉलरही नाहीत, असं अर्थमंत्री अली साबरी यांनी सांगितलं. पेट्रोल, गॅस आणि औषधांसाठीच्या रांगा त्यातून आल्या. ‘अवमूल्यनामुळे टंचाई झाली’ असं वाक्य लिहिलंत तर कारण आणि परिणाम उलटे होतील. अवमूल्यनाने महागाईचा भडका उडाला, हे मात्र खरं.

प्रतिसाद

टक्केवारी जपून लिहा. २०३ वरून ३६० म्हणजे डॉलर सुमारे ७७ टक्क्यांनी महागला, पण रुपया सुमारे ४४ टक्क्यांनी घसरला. ‘रुपया ७७ टक्क्यांनी घसरला’ हे चूक. १९६६ बद्दलही असाच घोटाळा होतो: डॉलर साडेसत्तावन्न टक्के महाग, रुपया साडेछत्तीस टक्के स्वस्त.

प्रश्नकर्ती

आभार. वाक्यं दुरुस्त करते. आणि सत्तांतराचं काय?

प्रतिसाद

उठाव नको. त्या शब्दाला १८५७ पासून शस्त्रांचा वास आहे, आणि ‘लष्करी उठाव’ वाचायची आपल्याला सवय आहे. इथे लष्कराने सत्ता घेतली नाही. तिथले लोक आपल्या आंदोलनाला ‘अरगलय’ म्हणाले. त्याला मराठीत ‘लढा’ हा शब्द छान बसतो. कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर तंबू ठोकून बसलेल्या माणसांना तोच शोभतो.

सत्तापालट आणि सत्तांतर हे शब्द २०२२ साठी मी वापरणार नाही. ९ मे ला पंतप्रधान महिंदा राजपक्षे यांनी राजीनामा दिला. ९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले, गोताबाया राजपक्षे देश सोडून गेले आणि १४ जुलैला सिंगापूरहून ईमेलने राजीनामा आला. पण २० जुलैला संसदेने रनिल विक्रमसिंघे यांना निवडलं ते राजपक्षे यांच्याच पक्षाच्या मतांवर. माणूस बदलला, बहुमत तेच राहिलं. ‘राष्ट्राध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं’ हे नेमकं वर्णन आहे, आणि त्यात लोकांचा रेटाही येतो.

सत्तांतर २०२४ चं. सप्टेंबरात अनुरा कुमारा दिसानायके राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि नोव्हेंबरात त्यांच्या आघाडीला संसदेच्या २२५ पैकी १५९ जागा मिळाल्या. लेख २०२२ पाशी थांबणार असेल तर तो शब्द हातचा राखून ठेवा.