मदत हवी आहे : रास्पबेरी पायवरून बंधाऱ्याचं यूट्यूब लाईव्ह, चक्र फिरतच राहतंय

नदीकाठचा

नमस्कार मंडळी. निपाणी-चिकोडीकडच्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात. पाटगाव, काळम्मावाडी धरणांकडं पावसानं जोर धरला की वेदगंगा-दूधगंगेवरचे आमचे बुटके बंधारे एकामागून एक पाण्याखाली जातात. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, भोजवाडी-कुन्नूर, कारदगा-भोज. आमचा त्यातलाच एक. मग डेअरीला दूध घालणारे, कॉलेजची पोरं, पाहुण्यात अडकलेली माणसं, सगळ्यांचं एकच, "पाणी उतरलं काय?" आणि ग्रुपवर उत्तर म्हणून येतात २०१९ च्या महापुराचे व्हिडिओ. दरसाल तेच. आजचा फोटो टाकला तरी "हा कधीचा?" म्हणून वाद. म्हणून म्हटलं, लाईव्हच दाखवू, पाणी हलताना दिसलं की वाद मिटला.

सामान असं: रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक (२ जीबी), त्याचा कॅमेरा मॉड्यूल २, बुकवर्म ही ऑपरेटिंग सिस्टीम. डेअरीच्या गच्चीवर काच लावलेल्या पेटीत बसवलंय, बंधारा तिथून दीडशे मीटरवर. नेट ४जी डोंगलचं, रोज २ जीबीचा रिचार्ज. आरपीआयकॅम-व्हिड हा कॅमेऱ्याचा प्रोग्राम १२८० बाय ७२० ला चालवतो, डेटा वाचावा म्हणून सेकंदाला १० फ्रेम, बिटरेट (सेकंदाला जाणारा डेटा) १ एमबीपीएस. तिथून पाइपनं (थेट जोडून) एफएफएमपेग या व्हिडिओ पुढं पाठवणाऱ्या प्रोग्रामला, व्हिडिओ कोडेक कॉपी (पुन्हा एन्कोड न करता), पुढं यूट्यूबचा आरटीएमपी पत्ता, म्हणजे लाईव्ह पाठवायचा.

त्रास तीन. एक, सुरुवातीला कधी कधी यूट्यूब स्टुडिओ डेटाच येत नाही म्हणतो, एफएफएमपेग मात्र निवांत पाठवत बसलेलं असतं. दोन, चित्र आलंच तर दोन क्षण चालतं आणि बफरिंगचं चक्र. तीन, सकाळी लावलं की दुपारच्या आत मान टाकतं. शिवाय बंधारा दिसतो काडीएवढा. पावसाळा तोंडावर आलाय, लवकर सांगा.

पेनड्राईव्ह_पाटील

पाय ५ घ्या. ४ ला झेपत नसणार.

तारजोड्या

पाटीलसाहेब, उलट होईल. पाय ४ मध्ये एच.२६४ चा (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) हार्डवेअर एन्कोडर आहे, ५ मध्ये तो काढून टाकलाय. तिथं सगळं काम प्रोसेसरनं करायचं. या कामाला ४ च बरा, पैसे घालवू नका.

नदीकाठचे दादा, चक्राचं कारण तुमच्या १० फ्रेममध्ये आहे. पाइपमधून जो कच्चा एच.२६४ जातो त्यात वेळेची नोंद नसते. एफएफएमपेगला काही सांगितलं नाही तर ते सेकंदाला २५ फ्रेम धरून चालतं. म्हणजे तुम्ही एका सेकंदात पाठवलेल्या १० फ्रेम त्याच्या हिशेबी ०.४ सेकंदाच्या. बघणाऱ्याला दर सेकंदाला ०.४ सेकंदाचाच व्हिडिओ मिळणार, मग चक्र नाही तर काय फिरणार? इनपुटच्या आधी फ्रेमरेट १० असं स्पष्ट लिहा. इनपुटच्या *आधी*, नंतर लिहिलं तर उपयोग नाही.

त्यालाच जोडून दुसरं. आरपीआयकॅममध्ये की-फ्रेम (पूर्ण चित्र असलेली फ्रेम) मुळात ६० फ्रेमनंतर येते, १० च्या वेगानं ते ६ सेकंद झाले. यूट्यूबला २ सेकंद आवडतात, ४ च्या वर नको असतात. इंट्रा (दोन की-फ्रेममधलं अंतर) २० करा.

"डेटा येत नाही" याला बहुतेक आवाज कारणीभूत. तुमच्या स्ट्रीममध्ये ऑडिओ ट्रॅकच नाही आणि यूट्यूब त्यावर अडून बसतं. एफएफएमपेगला लॅवफी या त्याच्याच सोयीमधून एनलसोर्स हे दुसरं इनपुट द्या, म्हणजे मुका आवाज. तो एएसी या ऑडिओ फॉरमॅटमध्ये करून जोडा.

खानापूरकर

दुपारच्या मान टाकण्याला तांत्रिक काही नाही ओ. १ एमबीपीएस म्हणजे तासाला साधारण ४५० एमबी. २ जीबी साडेचार तासांत खलास, पुढं कंपनी वेग तोडते. दिवसरात्र चालवायचं तर रोज जवळजवळ ११ जीबी लागतील. डेअरीत बिलिंगसाठी फायबर असेल तर चेअरमनना गाठा. नसेल तर बिटरेट ५०० केबीपीएसवर आणा, पाणी बघायला तेवढा पुष्कळ. सकाळी दूध घालायच्या वेळी आणि संध्याकाळी, एवढंच दाखवलं तरी निम्मं गाव खूश.

आमच्याकडं जांबोटीच्या बाजूला लाईटचं काही खरं नसतं, तुमच्याकडंही वेगळं नसेल. व्हीसीजेनकमांड या पायमधल्या कमांडनं गेट-थ्रॉटल्ड बघा. शून्य सोडून काही आलं तर बहुधा व्होल्टेज पडतंय. मोबाईलचा चार्जर लावला असेल तर काढा, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा हवा. आणि सिस्टीमडीची सर्व्हिस करून ठेवा, लाईट आली की आपोआप उठेल. गच्चीवर शिडी लावून कोण चढणार भर पावसात!

तारजोड्या

काडीएवढ्या बंधाऱ्याबद्दल: मॉड्यूल २ चं भिंग रुंद आहे, दीडशे मीटरवर जवळपास १८० मीटरचा पट्टा पकडतं. १२८० पिक्सेलमध्ये एक पिक्सेल १४ सेंटीमीटरचा. पण सेन्सर ३२८० पिक्सेलचा आहे. मोड ३२८० बाय २४६४ ठेवा (तो २१ फ्रेमपर्यंत जातो, तुम्हाला १० च हव्यात) आणि आरओआय (चित्रातला हवा तेवढाच भाग घेणं) लावून फक्त बंधाऱ्याचा भाग कापा. नवीन भिंग न घेता दुपटीनं जवळ येईल. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकाही चौकटीबाहेर जातील. हे आधी करा, नाहीतर यूट्यूबच्या आधी गावच तुमचं स्ट्रीम बंद पाडेल.

नदीकाठचा

फ्रेमरेट आणि मुका आवाज दोन्ही घातलं, चक्र गेलं. घाटाचं लक्षातच आलं नव्हतं, आरओआयनं तो कापला. चेअरमन फायबर द्यायला तयार आहेत, अट एकच, डेअरीचा बोर्ड दिसला पाहिजे. रात्रीचं काय करू? मिट्ट काळोख. इन्फ्रारेड पकडणारा नोआयआर कॅमेरा घेऊ काय?

खानापूरकर

दीडशे मीटरवर छोट्या आयआर (इन्फ्रारेड) एलईडीचा उजेड पोचत नाही. त्यापेक्षा बंधाऱ्याच्या खांबावर फूटफूट अंतरानं ऊस ट्रॉलीला मारतात ती लाल-पांढरी रिफ्लेक्टर पट्टी मारा, आणि गच्चीवर कॅमेऱ्याला चिकटून एक अरुंद झोताचा एलईडी फोकस. प्रकाश आला त्याच वाटेनं परततो, म्हणून फोकस कॅमेऱ्याजवळच पाहिजे. किती पट्ट्या बुडाल्या ते रात्रीही मोजता येईल. पट्टी आत्ताच मारा, पाणी चढल्यावर खांबाला हात पोचायचा नाही. आणि पंचायतीला आधी विचारा.