कॉनरेलची वाटणी: ५८-४२ म्हणजे न्याय?

रोचेस्टरकर:
काल इथे कुणीसं ठोकून दिलं, "१९९९ मध्ये कॉनरेल फोडली आणि गिऱ्हाइकाला दोन रेल्वे मिळाल्या." कॉनरेल म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येतली मालगाड्यांची कंपनी, ती दोन रेल्वे कंपन्यांनी वाटून घेतली. पण दोन रेल्वे मिळाल्या कुठल्या गिऱ्हाइकाला? ५८ टक्के नॉरफोक सदर्न, ४२ टक्के सीएसएक्स, हा त्या दोघींचा आपसातला हिशेब. हॅरिसबर्ग–पिट्सबर्ग मार्ग नॉरफोकला, ऑल्बनी–बफेलो सीएसएक्सला. सामाईक, म्हणजे दोघींनाही माल नेता येईल असं काय, तर उत्तर जर्सी, दक्षिण जर्सी–फिलाडेल्फिया आणि डेट्रॉइट. बाकीच्यांचा फक्त मालक बदलला. आमच्याकडे प्लॅस्टिकचा दाणा वॅगनने येतो, पोटाखालच्या झडपेला नळी लावून सायलोत ओढतो. साइडिंगला, म्हणजे आमच्या दारातल्या फाट्याला, रूळ एकाच कंपनीचा. दरावर घासाघीस केली तर उत्तर, "मग ट्रकने आणा."

जर्सीवाला:
आणि कॉनरेल असताना पायघड्या होत्या का? तेव्हाही एकटीच होती! १९९६ मध्ये सीएसएक्स अख्खी कॉनरेल गिळायला निघाली होती. नॉरफोकने चढी बोली लावली म्हणून वाटणी तरी झाली.

रोचेस्टरकर:
तुमच्या दारात बंदर, म्हणून तुम्हाला दोघी. बफेलोवाल्यांनीही सामाईक क्षेत्र मागितलं होतं. रेल्वेचे सौदे मंजूर करणाऱ्या सरकारी बोर्डाने दिलं नाही.

परभणीकर:
तुम्हाला निदान मागायला बोर्ड होतं. आमचं नांदेड डिव्हिजन सिकंदराबादच्या, म्हणजे दक्षिण मध्य रेल्वेच्या, दावणीला बांधलंय. मध्य रेल्वेत घ्या म्हणून किती निवेदनं झाली! वडील गेले त्या रात्री मुंबईहून निघालो, गाडी प्रत्येक क्रॉसिंगला उभी. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं.

कुर्डुवाडी_लोकल:
वाईट वाटलं दादा. पण आम्ही मध्य रेल्वेतच आहोत, आमचं कुठे सोनं झालंय?

परभणीकर:
तुमची मुंबईची गाडी मुंबईवाले ठरवतात. आमची सिकंदराबादवाले. फरक कळतो का?

जर्सीवाला:
अहो, मध्य काय, दक्षिण मध्य काय, हे झोन म्हणजे स्पर्धक नव्हेत. रूळ, डबे, तिकिटाचे पैसे, सगळं एकाच सरकारचं. इथे दोन खासगी कंपन्यांची गोष्ट चाललीय.

परभणीकर:
जर्सीत बसून आम्हाला झोन शिकवू नका. एकल मार्गावर रात्र काढा, मग बोला.

कुर्डुवाडी_लोकल:
झालं, आता मराठवाडा विरुद्ध पश्चिम महाराष्ट्र. पॉपकॉर्न आणतो.

रोचेस्टरकर:
धागा मालगाड्यांचा आहे हो! जर्सीवाले, ९९ च्या उन्हाळ्याबद्दल गप्प का? १ जूनला ताबा घेतला आणि यार्डं तुंबली. कुठला डबा कुठे पडलाय, पत्ता नाही.

जर्सीवाला:
मान्य. उन्हाळा भिकार गेला, लिहून घ्या आणि फ्रेम करून लावा. पण सामाईक क्षेत्रात आजही वॅगन गोळा करते ती उरलेली कॉनरेलच, पुढे नॉरफोकने पाठवा नाहीतर सीएसएक्सने. ही सोय सगळीकडे केली असती तर अर्धा धंदा दुसरीला द्यायला दोघींपैकी कुणी अब्जावधी डॉलर मोजले असते का?

रोचेस्टरकर:
म्हणजे स्पर्धा नको म्हणूनच पैसे मोजले. हेच तर सकाळपासून सांगतोय!

जर्सीवाला:
तुम्ही "न्याय" म्हणत होता. मी सौदा म्हणतोय.

परभणीकर:
मनमाडच्या पुढचं कुणी बोलणार आहे का?