मदत हवी आहे: रेंज गेली की टॅबवरचा ठिपका वाळपईतच अडकतो

जांभ्याची_वाट: शनिवारी वाळपईहून चोर्ल्याच्या बाजूला रानवाटेनं जीप घेऊन जायचंय. गोव्याचा नकाशा उतरवलाय, पण रेंज गेली की मी कुठे आहे ते दाखवणारा ठिपका वाळपईतच. लोकेशन चालू आहे. कोणतं अ‍ॅप टाकू? लवकर सांगा.

रानमोडी: टॅब कोणता? सिमवाला की नुसता वायफायवाला? आणि नकाशा उतरवला कुठे?

धूळ_डिझेल: ऑसमअँड टाक, विषय संपला. गोव्यासोबत कर्नाटकाचाही नकाशा घे, नाहीतर हद्द ओलांडली की पडदा कोरा.

केरीकर: दुसऱ्या कंपनीचं सिम घाला, त्या भागात मिळते रेंज.

रानमोडी: अहो, रेंज नसताना कसं चालवायचं ते विचारलंय. जीपीएसला रेंज लागतच नाही. नेट असलं की उपग्रहांची माहिती झटकन येते, एवढंच. नसेल तर टॅब ती उपग्रहांकडूनच घेतो, त्यात काही मिनिटं जातात. म्हणून झाडीत शिरण्याआधी उघड्यावर ठिपका पक्का करून घ्या.

धूळ_डिझेल: वायफायच्या टॅबमध्ये जीपीएस नसतंच मरे!

रानमोडी: सरसकट नाही. आयपॅडच्या वायफाय मॉडेलांत नसतं, सॅमसंगच्या बऱ्याच वायफाय टॅबमध्ये असतं. अँड्रॉइड असेल तर जीपीएसटेस्ट अ‍ॅप उघडून मोकळ्या आभाळाखाली पाच-दहा मिनिटं थांबा. एकही उपग्रह दिसला नाही तर चिपच नाही समजा.

जांभ्याची_वाट: आयपॅड. नुसता वायफायवाला. नवीन घेऊ?

रानमोडी: कशाला? तुमचा टॅब आजूबाजूच्या वायफायवरून जागा ओळखतो. वायफाय सुटलं की शेवटची जागा धरून बसतो, अ‍ॅप कुठलंही असो. ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर घ्या, पण आयपॅडला चालतो असं डब्यावर लिहिलेलाच; स्वस्तातले बहुतेक फक्त अँड्रॉइडवर चालतात. गार्मिनचा ग्लो २ चालतो. ब्लूटूथ सेटिंगमध्ये जोडला की झालं. काचेखाली डॅशबोर्डवर ठेवा, कप्प्यात नको.

केरीकर: टायरची हवा किती ठेवणार? चिखलात १८-२० पीएसआय पुरे.

धूळ_डिझेल: हवेचं कोणी विचारलं? त्यापेक्षा चार्जिंग बघ. जुन्या गाडीच्या यूएसबीतून अर्धा अँपिअर मिळतो, पडदा पूर्ण उजेडावर असला की चार्जिंग लावूनही बॅटरी उतरते. १२ व्होल्टच्या सॉकेटला ३० वॅटचा पीडी (जलद चार्जिंगचा) चार्जर लाव. आणि आयपॅड थेट उन्हात नको. ३५ अंशांपर्यंतच्याच हवेसाठी आहे तो, तापला की पडदा अंधारतो, मग बंदच पडतो.

म्हादईवाला: वाट अभयारण्यातून जाते का ते आधी बघा. ठिपका बरोबर असला म्हणून वनखातं सोडणार नाही.

जांभ्याची_वाट: परवानगीचं बघतो. रिसीव्हर शनिवारच्या आत आला नाही तर?

रानमोडी: मग फोन आहेच, त्यात चिप असते. ऑरगॅनिक मॅप्समध्ये गोवा, कर्नाटक दोन्ही उतरवा, वाटेची जीपीएक्स फाइल (वाट नकाशावर दाखवणारी फाइल) त्यात उघडा. वायफाय आणि मोबाइल डेटा बंद करून वाळपईतच एक फेरी मारा. ठिपका सरकला तर निघा.